शिक्षकांच्या संग्रही हवीत अशी तीन पुस्तके

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणावरील हक्क त्यामुळे कायद्याने मान्य झाला. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्या केली. तथापि कायदा बालकाला शाळेच्या दारापर्यंत आणू शकतो. वर्गात त्याला रमविण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. ते कसे करावे, याचे मार्गदर्शन केवळ परिपत्रकांतून मिळत नाही. ज्यांनी ते प्रत्यक्ष केले, त्यांच्या अनुभवांतून मात्र ते निश्चित मिळू शकते. या दृष्टीने तीन पुस्तके विशेष उपयुक्त आहेत.

फसलेल्या पहिल्या दिवसाची कथा

पहिले पुस्तक गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. वकिली सोडून गिजुभाई शिक्षणाकडे वळले आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मूळ गुजराती असलेले हे पुस्तक कथारूप आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ सांगतो. मुले शांत राहण्याऐवजी गोंधळ घालतात आणि सारी योजना फसते.

पुस्तकाचे महत्त्व येथूनच सुरू होते. लक्ष्मीराम मुलांना दोष देत नाही. तो आपली योजना बदलतो. तो गोष्ट सांगू लागतो आणि गोंधळ घालणारा तोच वर्ग कान देऊन ऐकू लागतो. गोष्टीतून वाचनाची गोडी लागते, वर्गात छोटे वाचनालय उभे राहते. खेळ आणि नाट्यप्रयोग यांनाही अभ्यासात स्थान मिळते. मोठी वर्गसंख्या, ठरलेला अभ्यासक्रम, वर्षाअखेरची परीक्षा आणि सहकाऱ्यांची साशंकता या अडचणी त्यालाही आहेत. म्हणूनच सर्वसामान्य शाळेतील शिक्षकाला हा प्रयोग परका वाटत नाही. पाठ फसला तर प्रथम पाठाची फेरतपासणी करावी, हा अध्यापनाचा पहिला धडा या पुस्तकातून मिळतो.

शाळा मुलांकडे गेली

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये रुजले. त्या वाटचालीची हकिकत अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात वाचावयास मिळते.

वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ येथे आहे. आदिवासी मुले दिवसभर गुरे राखीत असत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीला घरी थांबावे लागे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरविण्याची विकासवाडीची कल्पना पुढे आली. शिकविण्याच्या साधनांसाठीही परिसरातील पाने, बिया, शंख-शिंपले यांचा उपयोग करण्यात आला.

सर्वसमावेशक शिक्षण हा शब्द रूढ होण्यापूर्वीचे हे कार्य आहे. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे मुलाच्या स्वभावात शोधले गेले नाही. ते त्याच्या घरच्या परिस्थितीत आणि शाळेच्या व्यवस्थेत शोधले गेले. ऊसतोडणीसाठी वा वीटभट्टीवर आईबापांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांचा विचार करताना हीच दृष्टी आजही आवश्यक आहे.

मुख्याध्यापकाचे नेतृत्व

तिसरे पुस्तक जपानमधील आहे. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणीच्या शाळेविषयी लिहिलेले 'तोत्तोचान' १९८१ साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने उपलब्ध करून दिला आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी तोमोए या शाळेत येते. आगगाडीच्या जुन्या डब्यांत तेथील वर्ग भरतात. मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी या मुलीचे बोलणे पहिल्याच भेटीत सुमारे चार तास ऐकून घेतात.

या शाळेत पोलिओ झालेला एक मुलगा होता, तसेच शारीरिक वाढ खुंटलेला दुसराही होता. कोबायाशींनी क्रीडादिनाच्या शर्यती अशा योजल्या की, आखूड हातापायांच्या त्या मुलालाच त्या जिंकता याव्यात. एकदा वर्गशिक्षिकेने माणसाच्या शेपटीविषयी सांगताना त्याच मुलाला सहज थट्टेने शेपटीबद्दल विचारले. मुख्याध्यापकांना हे समजताच त्यांनी शिक्षिकेला त्याबद्दल कडक शब्दांत समज दिली. परंतु ती चारचौघांत नव्हे, तर स्वयंपाकघरात, एकांतात. मुलाची प्रतिष्ठा जपावयाची, त्याबाबतीत तडजोड करावयाची नाही आणि सहकाऱ्याचा मानही राखावयाचा, हे शैक्षणिक नेतृत्वाचे मर्म या एका प्रसंगात दिसून येते. १९४५ च्या हवाई हल्ल्यात ही शाळा जळून गेली. तिची पद्धत मात्र पुस्तकरूपाने टिकून राहिली.

वाचनाकडून कृतीकडे

ही पुस्तके शाळेच्या कपाटात बंद राहिली, तर त्यांचा उपयोग होणार नाही. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत एखाद्या प्रकरणाचे वाचन करावे, आपल्या शाळेतील तशाच अडचणीवर चर्चा करावी, एखादा लहान प्रयोग ठरवावा आणि पुढील परिषदेत त्याचा अनुभव मांडावा. फसलेल्या प्रयोगाचीही मोकळेपणाने चर्चा व्हावी. 'दिवास्वप्ना'ची सुरुवात अशाच अपयशापासून झाली आहे. मुख्याध्यापकांनी स्वतः वाचनात सहभागी झाल्यास शिक्षकांनाही नवे करून पाहण्याचा धीर येईल.

पटावर नाव असूनही वर्गाबाहेर राहिलेले मूल शाळेत पुन्हा रमणे, हीच अशा वाचनाची खरी फलश्रुती होय.