परिषद पवईत, पिशव्या उल्हासनगरच्या

डिसेंबर 2012 मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईत ‘कोलिंग’ भरली होती. संगणक आणि भाषा यांवर काम करणाऱ्या जगभरच्या संशोधकांची परिषद. आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? अहो, अशा परिषदेला पिशव्या, वह्या, गळ्यातली ओळखपत्रं लागतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात हे सगळं बनू शकतं.

फक्त एक ध्यानात घ्या. पिशवीवर परिषदेचं नाव आणि साल छापलेलं असतं. उरलेला माल दुसरं कोण घेणार? म्हणून ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय छपाई नाही. परदेशी पाहुण्यांचे व्हिसा शेवटपर्यंत लटकू शकतात, त्यामुळे आकडा हलतो. पिशव्या आधी शिवा, नावाची कार्डं सगळ्यात शेवटी छापा, थोडी कोरी जवळ ठेवा. डिलिव्हरी दोन दिवस आधी. गाडीचा नंबर आयोजकांना आधीच कळवा, नाहीतर टेम्पो गेटवरच अडकेल.

आणि हो, पिशव्या स्वतः शिवत असाल तर उद्यम नोंदणी कराच. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं. कोटेशनवरच हे लिहून टाका.