खडकवासल्याचे चित्रदर्शन

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी आमच्या पुतण्याने आम्हांस पहाटेच उठविले व खडकवासल्यास चलण्याचा आग्रह धरला. पुण्याचा मनुष्य खडकवासल्यास जातो तो बहुधा पावसाळ्यात, भाजलेले कणीस व गरम कांदाभजी खाण्यासाठी. ऐन थंडीत, सूर्योदयापूर्वी, तेथे काय काम, असे आम्ही विचारले. तेव्हा कळले की, चिरंजीवांस छायाचित्रे काढण्याचा नाद आहे, व त्यांच्यासारखी दहाबारा हौशी मंडळी महिन्यातून एकदा तलावाकाठी जमतात. त्यांत बँकेतील एक कारकून आहेत, औषधांचे एक दुकानदार आहेत, निवृत्त सुभेदार आहेत, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलीही आहेत. नियम एकच. प्रत्येकाने आपले एकच चित्र कागदावर छापून आणावयाचे, ते हातोहात फिरवावयाचे, आणि मग ते कसे मिळाले ते सांगावयाचे. पहिल्याने चित्र, मागाहून कथा.

हल्ली घरोघरी खिशातल्या दूरध्वनीत हजारो चित्रे साठलेली असतात व ती कोणी पुनः पाहत नाही. त्यामुळे हा एका चित्राचा नियम आम्हांस फार आवडला. तशी ही रीत अगदी नवी नव्हे. मुंबईस १८५४ साली छायाचित्रणाची सभा स्थापन झाली, तिच्या कार्यकारी मंडळात पुढे डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू नारायण दाजी हे होते. वैद्यकी सांभाळून कॅमेऱ्याचा व्यासंग करणारे ते आमच्या लोकांतील आद्य हौशी गृहस्थांपैकी एक म्हणावयास हरकत नाही.

असो. तलावावर धुके होते व पलीकडे प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचा घुमट नुकता दिसू लागला होता. चहा झाल्यावर बँकेतील गृहस्थांनी आपले चित्र पुढे केले. नारिंगी रंगाचे दोन पक्षी, एक ह्या काठाला, दुसरा बराच दूर. ‘चक्रवाक,’ ते म्हणाले. हा पाहुणा हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या प्रांती येतो; लोक त्यास ब्राह्मणी बदक म्हणतात. रात्र पडली की ह्या जोडप्याची ताटातूट होते, हा संस्कृत कवींचा संकेत आम्ही तीस वर्षे वर्गात शिकविला; परंतु प्रत्यक्ष चक्रवाक कधी पाहिला नव्हता, हे कबूल करावयास आता लाज कशाची? त्या गृहस्थांनी तीन रविवार चिखलात बसून काढले होते. तिसऱ्या रविवारी पक्षी मनासारखे जवळ आले, तोच एक म्हैस पाण्यात उतरली व दोघे दोन दिशांस गेले. हाती लागले ते त्या क्षणाचे चित्र. कोपऱ्यात म्हशीचे शिंग आहे ते त्यांनी मुद्दाम कापले नाही.

नंतर एका मुलीने जे चित्र दिले ते पाहून आम्ही मनात म्हटले, हे कशास आणले? सारा भेगाळलेला गाळ, आणि कडेला एका वृद्धाचा पुढे केलेला हात. मग तिने कथा सांगितली. वैशाखात पाणी ओसरल्यावर ती पानशेतच्या बाजूस गेली होती. तेथे ज्यांची गावे जलाशयात गेली अशांपैकी एक म्हातारबोवा भेटले. त्यांनी उघड्या पडलेल्या गाळाकडे हात करून आपले घर कोठे होते, खळे कोठे होते, देवळाकडे वाट कशी जाई, ते दाखविले. तेथे खूण म्हणून एक दगडसुद्धा नव्हता. कथा ऐकून चित्र पुनः हातोहात फिरले, आणि ह्या वेळी ते परत येण्यास बराच वेळ लागला.

‘गुरुजी, तुम्ही काही आणले आहे का?’ असा प्रश्न येणार हे ठाऊक असल्यामुळे आम्ही एक जुने चित्र पाकिटात घालून नेले होते. १९५८ सालचे, आमच्या काकांनी बॉक्स कॅमेऱ्याने काढलेले, तळहाताएवढे. खडकवासल्याची सहल आहे. मागे धरणाची दगडी भिंत. पुढे आजोबा, आजी, वडील, आमच्या मातोश्री आणि नुकतीच माहेरपणास आलेली आत्या. आमचा जन्म पुढे दोन वर्षांनी झाला. उजव्या कडेला आणखी एक स्त्री आहे, पण तिचा अर्धाच देह चित्रात आला आहे. एक खांदा, लुगड्याचा पदर, हातात पितळी डबा, चेहरा कडेबाहेर.

वाचकांस ठाऊकच असेल की ही भिंत आता तशी नाही. १८६९ मध्ये आरंभ होऊन दहाएक वर्षांत फाईफ नावाच्या अभियंत्याच्या योजनेने ते धरण उभे राहिले, व त्यावरून तलावासही फाईफ सरोवर म्हणत. विश्वेश्वरय्यांनी योजलेली, पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी दारे १९०३ साली प्रथम येथेच बसली. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे, बांधकाम पुरते न झालेले मातीचे धरण फुटले, आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. आमचा नारायण पेठेतील वाडा मातीविटांचा होता, तो बसला. देव, पोथ्या, चित्रांची वही, सर्व गेले. हे एक चित्र राहिले, कारण त्याची एक प्रत आत्याकडे सोलापुरास पाठविलेली होती. ज्या भिंतीपुढे मंडळी हसत उभी आहेत, त्याच भिंतीमागचे पाणी तीन वर्षांनी आमच्या घरात आले.

ही कथा सांगून आम्ही थांबलो. बँकेतील गृहस्थांनी चित्र डोळ्यांजवळ धरले व म्हणाले, ‘बॉक्स कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत डावे ते उजवे दिसते. तुमच्या काकांनी त्यांना चौकटीत घ्यायला कॅमेरा उलटा वळवला असेल.’ आम्हांस हे पटले. इतक्यात ती गाळाचे चित्र काढणारी मुलगी म्हणाली, ‘पण ह्या कोण?’

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात लक्ष्मण रामसीतेस त्यांच्याच चरित्राची चित्रे दाखवीत आहे. विवाहाच्या चित्रापाशी तो सीता, मांडवी, श्रुतकीर्ती ह्यांची नावे सांगतो व ऊर्मिलेस वगळून पुढे जातो. तेव्हा सीता थट्टेने त्या चौथीविषयी विचारते. हा प्रसंग आम्ही किती वेळा हसत हसत शिकविला! लक्ष्मणाने लाजून उत्तर टाळले व विषय बदलला. आमच्या गप्प राहण्याचे कारण निराळे होते. साठ वर्षे ते चित्र आमच्या जवळ आहे, आणि हा प्रश्न आम्ही कोणास विचारला नव्हता. आजोबा, आजी, काका, आईवडील, कोणी उरले नाहीत.

पुढल्याच आठवड्यात आम्ही सोलापूर गाठले. आत्याने नव्वदी ओलांडली आहे. कानांनी कमी, पण दृष्टी शाबूत. चित्र हाती घेताच ती म्हणाली, ‘अरे, ह्या आपल्या काकू. स्वयंपाकाच्या.’ आम्ही कॅमेऱ्याच्या काचेची उपपत्ती सांगू लागलो. तिने ती अर्ध्यावरच तोडली. ‘काच नाही नि काही नाही. त्या आपणहून सरकल्या. विधवा बाई, सवाष्णींच्या रांगेत कशाला उभी राहू, म्हणाल्या. दादा ओरडतोय, काकू, आत या, आत या; आणि ह्या एकेक पाऊल बाहेर.’

मग थोडे थांबून म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलंच नाही का रे? पाणी चौकात शिरलं तेव्हा तू दहा महिन्यांचा. तुझे वडील कचेरीत, आणि वहिनी आजोबांना धरून जिना उतरवत होती. काकूंनी तुला पाठीशी लुगड्याने बांधलं आणि पर्वतीपर्यंत नेलं. मी चार दिवसांनी आले तेव्हा वहिनीने सांगितलं. त्यानंतर ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही.’

हे मात्र खरे. मातोश्रींपुढे त्या पुराचा विषय निघाला की त्या उठून जात. वाडा गेल्यावर बिऱ्हाडे वेगळी झाली, दोन खोल्यांच्या संसारात स्वयंपाकिणीस जागा ती कोठली? काकू राजापुराकडे भावाच्या गावी गेल्या. पहिली एकदोन वर्षे कोणी पत्र टाकले असेल, नसेल.

आम्ही शिसपेन्सिल काढली (शाई चित्राच्या मागून पुढे उमटते, हे त्या मंडळींनी बजाविले होते) व पाठीवर सन, स्थळ आणि डावीकडून एकेकाचे नाव लिहिले. शेवटच्या जागेपाशी आत्यास विचारले, ‘काकूंचे नाव काय?’

तिने चित्र पुनः घेतले, बराच वेळ पाहिले. ‘सगळे काकूच म्हणत,’ ती म्हणाली.

आम्ही ‘काकू’ असे लिहिले, आणि पुढे थोडी जागा कोरी ठेवली.