पुढच्या आंसाची अडकलेली किंगपिन

पाऊस उघडला, कीं बैलगाडीच्या आंसास वंगण घालूनच ती जुंपावयाची, ही आपली जुनी रीत. परंतु ट्रक बाळगणारे कित्येक शेतकरी बंधू ट्रकाविषयीं तितकी काळजी घेत नाहींत, आणि ऊसतोड तोंडावर आली असतां पुढचे कमानपाटे दुरुस्तीस काढले म्हणजे किंगपिन जागची हालत नाहीं. गेल्या हंगामापूर्वीं आम्हांसही हा अनुभव आला.

पुढचें चाक ज्या जाड पोलादी खिळीवर डावीउजवीकडे वळतें ती किंगपिन. आंसाच्या टोकाच्या भोंकांत ती घट्ट बसते व एक आडवी, निमुळती चावी तिला फिरूं देत नाहीं. वरखालच्या बुशांस ग्रीस मिळालें नाहीं व चिखलपाणी आंत शिरलें, म्हणजे गंजानें खिळी आणि आंस जणूं एकजीव होतात.

आम्हीं आधीं घणाचाच आश्रय केला. तासभर ठोकून खिळीचें टोक मात्र पसरलें व ती अधिकच रुतली. मग मिस्त्री आंस तापविण्यासाठीं गॅसची ज्योत घेऊन आला. सुदैवानें आम्हीं गाडीची पुस्तिका उघडली. आंस तापवूं नये, असें तींत स्पष्ट बजावलें होतें. कोयता भट्टींत पडला कीं त्याचें पाणी उतरतें, हें आपण जाणतोंच. आंसासही कारखान्यांत तसेंच पाणी दिलेलें असतें. तें उतरलेला आंस वरून धड दिसेल. पण भरल्या गाडीखालीं उतारावर तो दगा देईल, तेव्हां चालकाचे प्राण जातील.

योग्य रीत अशी : मागच्या चाकांस दगड लावावेत व नुसत्या जॅकवर न विसंबतां आंसाखालीं लोखंडी घोडी द्यावी. चाक, हब व ब्रेकचे भाग काढून वरखालचीं झांकणें उघडावींत. गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर मुरूं द्यावें. चावीची नट सैल करून, ती आट्यांवरच ठेवून, चावी ठोकून काढावी. चावी आंत असतां खिळीवर घाव घालणें व्यर्थ होय. कांहीं गाड्यांत खिळीच निमुळती असते व ती एकाच बाजूनें निघते, हेंही आधीं पाहावें. ठोकणें झाल्यास मध्यें पितळी दांडा धरावा व डोळ्यांस चष्मा लावावा. तरीही न हालल्यास हायड्रॉलिक दाबयंत्र आणावें. आमची खिळी दोन रात्री तेल मुरवून व पसरलेलें टोक घासून शेवटीं त्या यंत्रानेंच निघाली.

नवी खिळी व बुश बसविल्यावर ग्रीस देतांना चाक जमिनीवरून उचलावें, म्हणजे भाराखालच्या बेअरिंगपर्यंत तें पोंचतें. जुनें काळें ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी. हें काम अर्ध्या घटकेचें आहे. तें चुकविल्यामुळें आमचे मात्र तीन दिवस गेले व फडांत तोडलेला ऊस वाळत पडला. बंधूंनीं आमच्या चुकीवरून शहाणें व्हावें, एवढीच विनंती.