पाण्याचा रंग कोणता? ॲम्स्टरडॅमच्या बंदराचे एक चित्र

वर्गातल्या मुलांना विचारा, पाण्याचा रंग कोणता? बहुतेक मुले सांगतील, निळा. पण तळ्याच्या काठी जाऊन नीट पाहिले तर? आभाळ भरलेले असेल तर पाणी राखी दिसते, झाडाखाली ते काळपट हिरवे असते आणि मावळतीला तांबूस होते. म्हणजे डोळे पाहतात एक आणि मन आधीच ठरवून बसलेले असते दुसरे!

हे आधी ठरवलेले बाजूला सारून, त्या क्षणी डोळ्यांना जे दिसले तेच रंगवायचे, असे म्हणणारे चित्रकार एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पुढे आले. त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात, मराठीत दृक्प्रत्ययवादी. मौज अशी की, हे नावही एका बंदराच्या चित्रावरूनच पडले. क्लोद मोने ह्याने ल आव्र बंदरातली धुकट सकाळ रंगवली आणि 1874 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. चित्राच्या नावात ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता. एका टीकाकाराने तो चेष्टेने उचलला आणि तोच पुढे रूढ झाला. ह्या मोनेला पाणी आणि आभाळ पाहायला शिकवले, त्यांत योंगकिंट हा एक डच चित्रकार होता.

हॉलंडमध्ये ही दृष्टी घेऊन शहर रंगवणारा मोठा चित्रकार म्हणजे गेऑर्ख हेंड्रिक ब्राइटनर. त्याचा जन्म 1857 सालचा, रॉटरडॅमचा. तरुणपणी, 1882 साली, हेग शहरातल्या गरीब वस्त्यांतून तो आणि व्हॅन गॉग बरोबर हिंडून रेखाटने करीत. 1886 मध्ये तो ॲम्स्टरडॅमला आला आणि तिथलाच झाला.

त्याने 1903 च्या सुमारास रंगवलेले डॅमराकचे चित्र आता तिथल्या रेइक्स म्युझियममध्ये आहे. डॅमराक म्हणजे शहराच्या पोटात शिरलेले जुने बंदर. चित्रात विटांच्या उंच घरांची रांग सरळ पाण्यातून वर आलेली दिसते. पण ही घरांची दर्शनी बाजू नव्हे, ही मागची बाजू! नक्षीदार दारे रस्त्याकडे. इकडे नुसत्या भिंती, खिडक्या आणि पायथ्याशी पाणी. त्या पाण्यात निळा रंग शोधूनही सापडायचा नाही. विटांचा तपकिरी, आभाळाचा राखी, असे रंग जाड फटकाऱ्यांनी मोडून टाकलेले आहेत. जवळून पाहावे तर नुसते डाग. चार पावले मागे सरकावे, की पाणी हलू लागते.

ब्राइटनरला लख्ख ऊन फारसे नकोच असे. पाऊस, बर्फ, चिखल, मळकट दिवस हे त्याचे विषय. तो कॅमेराही वापरी. त्याने घेतलेल्या फोटोंच्या सुमारे 2,000 काचा आणि फिल्मा त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी सापडल्या.

आता हे बंदर काय होते ते पाहा. आम्स्टेल नदीवर धरण बांधले, म्हणून गावाचे नाव ॲम्स्टरडॅम. त्या धरणाच्या खालचे पाणी म्हणजे डॅमराक. माल भरलेल्या होड्या थेट गावाच्या चौकापर्यंत येत. त्यावरच शहर पोसले. पण एकोणिसाव्या शतकात डॅमराकचा बराच भाग भरून टाकला. समोरच्या पाण्यात बेटे घालून, हजारो लाकडी खांब रोवून रेल्वेचे मोठे स्टेशन उभारले; ते 1889 मध्ये सुरू झाले आणि शहर व खुले पाणी ह्यांच्यामध्ये आडवे आले. भरावावर 1903 पर्यंत बाजाराची भव्य इमारत झाली. ब्राइटनरने रंगवले ते उरलेले पाणी. आज तिथे मालाच्या होड्या नाहीत, प्रवाशांना फिरवणाऱ्या नावा असतात.

नव्या इमारती रंगवणारे पुष्कळ भेटतात. घरांची मागची बाजू आणि मळके पाणी कोण पाहणार? ते त्याने पाहिले, म्हणून ते राहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक करून पाहा. मुलांना एकाच पाणवठ्यावर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी न्या आणि दर वेळी पाण्यात दिसतील ते रंग लिहून घ्या. निळा रंग किती वेळा आला, ते मुलांनाच मोजू द्या.