चाकावरचा ओरखडा : रंगापुरता की धातूपर्यंत?

रत्नागिरीच्या जुन्या आळ्यांतील रस्ते अरुंद आणि त्यांच्या कडेला जांभ्या दगडाचे गडगे. गाडी वळविताना अलॉय व्हीलची कड दगडाला घासते आणि चकचकीत चाकावर ओरखडा उमटतो. तो घरच्या घरी बुजविता येतो. मात्र समुद्रकाठच्या गावात नुसता रंग मारून भागत नाही.

अलॉय व्हील मुख्यतः ॲल्युमिनियमचे असते; बहुतेक ओतीव चाकांत साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होऊन धातूचे रक्षण करतो. मांडवी, भाट्ये, मिऱ्या येथील खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड हा थर जागोजागी भेदते. ओरखड्यातून शिरलेले मीठ आणि ओलावा पारदर्शक लॅकरखाली पसरतात. पांढरी भुकटी दिसते, लॅकर फुगते. मीठ आत ठेवून दिलेला नवा रंगही असाच सुटतो.

आधी तपासणी

घरगुती दुरुस्ती केवळ वरवरच्या ओरखड्यांसाठी आहे. चाकाला तडा गेला असेल, कड वाकली असेल, टवका उडाला असेल, हवा वारंवार कमी होत असेल किंवा वेग वाढताच स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाक जाणकारालाच दाखवावे. संशयित जागी साबणाचे पाणी लावल्यास हवेची गळती बुडबुड्यांवरून कळते. पुट्टीने तडा झाकला जातो, सांधला जात नाही. आंबा घाटाच्या वळणांवर गाडीचा सारा भार याच चाकांवर असतो, हे विसरू नये. यंत्रावर कातून चकाकी दिलेली दुरंगी ‘डायमंड कट’ चाकेही घरी दुरुस्त होत नाहीत. त्यांना लेथच लागते.

काम कसे करावे

चाक थंड असताना सौम्य शाम्पूने आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. तीव्र आम्लयुक्त क्लीनर टाळावेत. चाक पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसावा. टायर आणि रिम यांच्या फटीत जुनी पत्त्यांची पाने खोचावीत; आसपासचा भाग, ब्रेक डिस्क झाकावी. सुटलेले लॅकर आणि पांढरी भुकटी पूर्ण निघेपर्यंत २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. खड्डा राहिल्यास ॲल्युमिनियमयुक्त इपॉक्सी पुट्टी पातळ भरावी आणि सुकल्यावर ४००, मग ८०० नंबरच्या पेपरने सपाट करावी. उघड्या धातूवर त्यासाठीचाच एच प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी लॅकर, असे सर्व हात पातळ द्यावेत. नाकाला मास्क आणि मोकळी हवा आवश्यक. नटांच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या भागावर रंग लागू देऊ नये. तेथील रंग दबून नट सैल होऊ शकतात.

वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या शहरात पावसाळ्यात हे काम काढूच नये. दमट हवेत लॅकर दुधाळ पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तोही दव ओसरल्यावर, दुपारच्या सावलीत. रंग पक्का होईपर्यंत आठवडाभर जोरदार फवाऱ्याने चाक धुऊ नये.

त्यानंतर मात्र दर आठवड्याला गोड्या पाण्याने चाके धुवावीत. नवा ओरखडा दिसल्यास तो लगेच बुजवावा. पावसाळा ओलांडू दिल्यास काम दुप्पट होते.