नळांच्या व्यासांचा हिशेब

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी नगरासाठी जी नहर बांधविली, तिच्यातले पाणी उताराच्या बळावर आपसूक येत असे. परंतु त्याच नगराची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, तहान पैठणच्या नाथसागरावर अवलंबून असल्यामुळे तेथले पाणी शंभराहून अधिक मीटर उंच चढवावे लागते, आणि त्यातून जमाखर्चाची मोठी बिकट बाब उद्भवते. नळ अरुंद घेतला तर लोखंड वाचते खरे, पण व्यास निम्मा करून तेवढेच पाणी नेऊ म्हटले, तर घर्षणापायी होणारा दाबाचा ऱ्हास सुमारे २९ पट वाढतो आणि वाचलेली रक्कम विजेच्या बिलात जाते.

एकट्या मुख्य वाहिनीपुरता हा हिशेब कागदावर सुटतो; शहरातील वितरणजाळ्याचे तसे नाही. तेथे एका नळाचा व्यास बदलताच इतर नळांतील प्रवाहही बदलतात. अल्पेरोविट्स आणि शामिर या संशोधकांनी १९७७ साली अभ्यासिलेल्या जाळ्यात नळ अवघे ८ होते; प्रत्येकास १४ व्यासांची मुभा दिली, तर पर्याय १४७ कोटींवर जातात!

प्रवाह मुकर्रर असतील, तर रेषीय नियोजनाची पद्धत स्वस्ततम व्यासांचा निवाडा अचूक आणि झटपट करते. मात्र कोणत्या गल्लीतून किती पाणी वाहावे, या प्रश्नापुढे ती निरुपाय होते. जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथामुळे रूढ झालेला जनुकीय अल्गोरिदम याच्या उलट स्वभावाचा: अनेक आराखड्यांचा संकर करीत तो दूरवर शोध घेतो, पण अखेरच्या बारकाव्यांपाशी रेंगाळतो. म्हणून प्रवाहांची तजवीज त्याने सुचवावी आणि प्रत्येक तजविजीची किमान किंमत रेषीय नियोजनाने काढावी, अशी जोडपद्धती अभियंत्यांनी अंगीकारली. दोन्ही पद्धती नुसत्या एकामागून एक चालविण्यापेक्षा ही श्रमविभागणी मला अधिक शहाणपणाची वाटते.

तथापि यंत्राने दिलेले उत्तर निमूटपणे स्वीकारता येत नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातील प्रा. प्रमोद भावे यांनी ज्या जलवितरणजाळ्यांच्या अभ्यासशाखेत आयुष्यभर काम केले, तिच्यातील ही जुनी अडचण आहे: केवळ खर्चाकडे पाहणारे गणित जाळ्याची वर्तुळे पूर्ण करणारे नळ शक्य तितके बारीक करून टाकते, कारण सर्व काही सुरळीत असताना त्यांचे काम फारसे पडत नाही. मुख्य नळ फुटला की मात्र पाणी त्यांच्याच वाटेने फिरवावे लागते. म्हणून कोणताही एक नळ बंद असता प्रत्येक वस्तीत किमान दाब राहावा, अशी अट घालावी लागते. ती घातली की गणित पहिल्यापासून मांडावे लागते, आणि अंदाजपत्रक अर्थातच फुगते.