कंबर दुखते, दोष सुईला

सिझेरियन झालेल्या बाईने कंबरेला हात लावला, की घरातल्या घरात निदान होऊन जातं: ‘पाठीत इंजेक्शन दिलंय ना, आता हे जन्माचं दुखणं.’ शेजारीण हेच सांगते, आत्या हेच सांगते, बारशाला आलेल्या बायकाही तेच सांगून जातात. मुलगी कॉलेजात जायला लागली तरी आईची कंबर तिच्या जन्माच्या वेळच्या सुईमुळेच दुखत असते! ऐकून ऐकून कान किटले, तरी हे मत काही हलत नाही. कंबर दुखते यात शंका नाही. त्या बाईला खोटं पाडायचं कारणही नाही. पण एकदा सुईवर खापर फोडलं की पुढे कोणी काही तपासत नाही, उपचारही करत नाही. दुसरीकडे, कळांनी बेजार झालेल्या बाईला वेदना कमी करण्याचा उपाय देऊ केला, तर नातेवाईकच ‘नको, कंबर जाईल’ म्हणून नकार कळवतात. दुखणं तिचं, निर्णय दुसऱ्यांचा, आणि तोही ऐकीव माहितीवर.

आधी ही सुई नेमकं काय करते ते पाहू. सिझेरियनसाठी बहुधा स्पायनल भूल देतात आणि कळा सुसह्य करण्यासाठी एपिड्युरल, म्हणजे बोलीभाषेतली ‘पेनलेस डिलिव्हरी’. दोन्हींत बाईला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ बाहेर काढायला सांगतात. हनुवटी छातीला, हात उशीभोवती. कातडी बधिर करणारी एक बारीक टोच आधी बसते, मुख्य सुई त्यानंतर. स्पायनलची सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि औषध सोडलं की लगेच बाहेर येते. एपिड्युरलची सुई तिच्यापेक्षा जाड असली तरी तीही काढून घेतात. आत राहते ती दोऱ्यासारखी मऊ नळी, आणि बाळंतपण उरकल्यावर तीही निघते. ‘सुई मज्जारज्जूत घुसते’ ही भीती तर अगदीच निराधार, कारण मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, हे खरं. पण काही दिवस आणि वीस वर्षं यांत फरक आहे.

आता पुराव्याकडे वळू, कारण ‘डॉक्टर तर असंच सांगणार’ हा आक्षेप ठरलेला असतो. गंमत म्हणजे या समजाला एकेकाळी खुद्द वैद्यकीय संशोधनानेच बळ दिलं होतं. 1990मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात 11 हजारांहून जास्त स्त्रियांनी प्रश्नावली भरून बाळंतपणानंतरच्या तक्रारी कळवल्या होत्या. एपिड्युरल घेतलेल्यांत सुमारे 19 टक्के स्त्रियांनी दीर्घकाळच्या पाठदुखीची तक्रार केली, न घेतलेल्यांत साडेदहा टक्के स्त्रियांनी. दुप्पट नसलं तरी मोठंच अंतर. पण ही माहिती बाळंतपणाला कित्येक वर्षं उलटल्यावर आठवणीतून गोळा केलेली होती, आणि पाठीत सुई घेतलेली बाई पाठीचं दुखणं जास्त लक्षात ठेवते. शिवाय त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. ज्यांचं सिझेरियन आधीच ठरलेलं होतं, म्हणजे ज्यांनी सुई घेतली पण कळा सोसल्या नाहीत, त्यांच्यात हे जास्तीचं दुखणं दिसलंच नाही. दोष सुईचा असता तर तो इथेही दिसायला हवा होता. खुद्द त्या संशोधकांनीही बोट दाखवलं ते सुईकडे नव्हे, तर वेदना जाणवत नसताना तासन्‌तास अवघडून पडण्याकडे. पुढे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी स्त्रियांची दोन गटांत वाटणी करून चाचण्या झाल्या. इंग्लंडमधल्या अशाच एका चाचणीत तीनशेच्या वर स्त्रियांची सरासरी दोन वर्षांनी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2002मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले, आणि पाठदुखीत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. 2018मध्ये ‘कॉक्रन’ या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 40 चाचण्यांमधल्या 11 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. निष्कर्ष तोच. एपिड्युरलमुळे सिझेरियनची शक्यता वाढते, या दुसऱ्या लोकप्रिय समजालाही तिथे आधार मिळाला नाही.

‘पण दुखतं ते बरोबर सुई टोचली तिथेच!’ हे उत्तर यावर हमखास येतं. तिथेच दुखणार. कंबरेचा खालचा भाग शरीराचा सगळ्यात जास्त भार पेलतो. एसटीचे ड्रायव्हर आणि दिवसभर खुर्चीत बसणारे कारकून याच जागेवर हात ठेवतात, आणि त्यांना कोणी स्पायनल दिलेलं नसतं. नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर दुखते, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवायला सुई नसते. ‘आधी कधीच दुखत नव्हती’ हाही मुद्दा नीट विचारल्यावर बहुधा ढिला पडतो. गरोदरपणात साधारण निम्म्या स्त्रियांना कंबरदुखी होते, आणि बाळंतपणानंतर कोणाची कंबर दुखत राहील याचा चांगला अंदाज त्यावरूनच बांधता येतो. वाढतं पोट तोल पुढे खेचतं, कंबरेचा बाक वाढतो, संप्रेरकांमुळे ओटीपोटाचे सांधे सैल पडतात, पोटाचे स्नायू ताणून पातळ होतात. पुढे मूल आल्यावर तर कंबरेला उसंतच नाही. पाठीला टेका न घेता वाकून पाजणं, पाटावर बसून पसरलेल्या पायांवर बाळाला न्हाऊ घालणं, एका कडेवर मूल घेऊन दुसऱ्या हाताने भाकरी थापणं हे रोजचं. त्यात सव्वा महिना हलायचं नाही अशी ताकीद असेल तर स्नायू आणखी कमजोर होतात. मालीश आणि शेक यांनी आराम वाटतो, जरूर घ्यावा. पण पोटाचे आणि पाठीचे स्नायू व्यायामानेच बळकट होतात. डॉक्टरांना विचारून तो सुरू करणं, पाजताना बाळाला स्तनापर्यंत उचलून घेणं आणि गरज असल्यास ड जीवनसत्त्व तपासणं हे उपाय कंटाळवाणे असले तरी उपयोगाचे आहेत.

म्हणून सुई अगदी निर्दोष, असं नाही. तिची खरी तक्रार कंबरेची नसून डोक्याची आहे, आणि तीही पहिल्या दिवसापासूनची. 1898मध्ये जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने आणि त्याच्या सहायकाने स्पायनलचा प्रयोग एकमेकांवर केला, तेव्हा दोघांचंही डोकं जबरदस्त दुखलं. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी ही डोकेदुखी आजही साधारण शंभरात एखादीला होते, आणि तिच्यावर इलाज आहे. रक्तदाब उतरणं, थंडी वाजणं, अंगाला खाज सुटणं, लघवी काही तास तुंबणं हेही होतं. जंतुसंसर्ग किंवा आत रक्त साकळणं अतिशय विरळा. मात्र ताप, पायांत वाढत जाणारा अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं दिसलं तर तासभरही थांबू नये. या खऱ्या धोक्यांबद्दल बारशातली मंडळी अवाक्षर काढत नाहीत.

बाकीच्या समजुतींना एवढी जागा द्यायची गरज नाही. नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने बाळ सुळकन बाहेर येत नाही. तूप पोटात जातं, प्रसूतीच्या मार्गात नाही. बाळंतिणीने पाणी प्यायल्याने पोट सुटत नाही. उलट पाणी तोडलं तर बद्धकोष्ठ होतं आणि पाजणाऱ्या आईचे हाल होतात. नाळेचा वेढा साधारण चारातल्या एका बाळाच्या गळ्याभोवती असतो, आणि तेवढ्या कारणासाठी सिझेरियन लागत नाही. कळा सुरू झाल्या की पलंगावर उताणं पडून राहायचं, हेही चूक: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या शिफारशींनुसार धोका कमी असलेल्या बाईने हिंडावं-फिरावं, खावं-प्यावं, सोबतीला आपलं माणूस ठेवावं, आणि निरोगी बाईने मागितलं तर एपिड्युरलही द्यावं. ‘कळा सोसल्याशिवाय आई होता येत नाही’ हे तर वैद्यकीय विधानच नाही, त्याला पुराव्याने काय उत्तर द्यायचं?

कंबरेची काळजी वाटत असेल तर ती आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञासमोर मांडावी, प्रसूतीच्या टेबलावर नव्हे. मणक्याची जुनी तक्रार किंवा शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी गोळी, कमी झालेल्या प्लेटलेट्स, आधीच्या भुलीचा त्रास हे सगळं तेव्हाच सांगून ठेवावं; सुई द्यायची की नाही हे याच गोष्टींवरून ठरतं. आणि रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर एपिड्युरल द्यायला भूलतज्ज्ञ हजर असतो का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं, कारण सगळ्याच दवाखान्यांत तो असतोच असं नाही.